परवानगी कोण देणार?

अकोल्यातल्या जठारपेठेत घरचा संगणक आणि कामाचा संगणक असा भेद बऱ्याच घरांत उरलेला नाही. दिवसा त्यावर कोणाचं तरी जीएसटी रिटर्न भरलं जातं, संध्याकाळी मुलाचा क्लास चालतो, रात्री सिनेमा. आमच्या शेजारच्या वहिनींचा संगणक असाच आहे. त्या घरूनच कर सल्लागाराचं काम करतात. एमआयडीसीतली डाळ मिल, कृषी सेवा केंद्रं, दोन-तीन दवाखाने, असे त्यांचे अशील. त्यांच्या दिरांचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. या संगणकाला फायरवॉल कोणती घ्यायची, एवढाच प्रश्न होता. दोघांचं जमलं नाही. दोघांच्याही म्हणण्यात वजन होतं, म्हणून ते बोलणं इथे देतो आहे.

वहिनी: भाऊजी, सरळ सांगा. विंडोजमध्ये असते ती पुरे, की वेगळी विकत घेऊ?

भाऊजी: पुरे. काहून पैसे घालता? फक्त ती चालू आहे का, तेवढं पाहा.

वहिनी: एवढ्या लोकांचे पॅन, आधार, बँकेची खाती माझ्याकडे आहेत. उद्या काही झालं तर मिलवाल्या शेठजींना ‘विंडोजची होती ना’ असं सांगू?

भाऊजी: आधी ती करते काय ते समजून घ्या. नेटवर आलेल्या संगणकाला पासष्ट हजारांवर दरवाजे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. बाहेरून कोणी आपण न बोलावता आलं, तर विंडोजची फायरवॉल त्याला आत घेत नाही. त्याच्यासाठी नियम केलेला असेल तरच घेते. आपण स्वतः एखादी वेबसाइट उघडली, तर तिचं उत्तर तेवढं येऊ देते. घराला लागतं ते हेच.

वहिनी: आणि आतून बाहेर जाणाऱ्याचं काय?

भाऊजी: त्याला अडवत नाही. मुद्दाम नियम करून अडवलं तरच अडतं.

वहिनी: मग तिथेच माझं अडतं. बाहेरचा आत येऊ नये हे खरंच. पण जो आत शिरलाच आहे, तो माझ्या अशिलांची कागदं घेऊन बाहेर जात असेल तर ते मला कळायला नको?

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. बाजारात मिळणाऱ्या घरगुती फायरवॉलमधला खरा फरक याच दोन प्रश्नांभोवती आहे. येणाऱ्याला अडवण्यात विंडोजची कुठेही कमी पडत नाही. वेगळी फायरवॉल घेणारा माणूस मुख्यतः जाणाऱ्याला विचारण्यासाठी ती घेतो. डब्यावर आणखी जे काही छापलेलं असतं ते दुय्यम समजावं.

भाऊजी: तुम्हाला 2003चा ऑगस्ट आठवत नसेल. ब्लास्टर नावाचा वर्म आला होता. तेव्हा घरोघरी डायल-अप, मधे राउटर नाही, संगणक थेट नेटवर. लोक मशीन उचलून दुकानात आणत. कोणी काही उघडलेलं नसे, कोणत्या फाइलला हात लावलेला नसे. नेट जोडलं की थोड्या वेळात पाटी यायची, ‘60 सेकंदांत संगणक बंद होईल’, आणि आकडे उतरू लागायचे. आम्ही फॉरमॅट करून द्यायचो. घरी नेऊन पुन्हा नेट जोडलं की पुन्हा तेच.

वहिनी: फायरवॉल नव्हती तेव्हा?

भाऊजी: होती ना! एक्सपी 2001मध्ये आली तेव्हापासून तिच्यात होती, पण कंपनीनं ती बंद ठेवून दिली होती. 135 क्रमांकाचं पोर्ट उघडं, ब्लास्टर तिथूनच आत. 2004च्या ऑगस्टमध्ये सर्व्हिस पॅक 2 आला आणि ती आपोआप चालू राहायला लागली. त्यानंतर माझ्याकडे तसली मशीनं येणं बंद झाल्यातच जमा झालं. म्हणून सांगतो, फुकटची म्हणून हलकी समजू नका.

वहिनी: हलकी नाही समजत. पण 2003मधल्या चोराचा बंदोबस्त केला म्हणून आजचा थांबेल असं थोडंच आहे? 2017च्या जूनमध्ये न्हावाशेव्याला काय झालं होतं? जेएनपीटीतलं मर्स्क कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर अडकले. आणि तो नॉटपेट्या नावाचा विषाणू मुळात शिरला कुठून, तर युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. कर भरण्यासाठी तिकडे पुष्कळ जण तेच वापरत. माझ्यासारख्याच कोणीतरी विश्वासानं अपडेट घेतलं असेल. कुठे युक्रेन, कुठे उरण!

भाऊजी: बरोबर. पण मला सांगा, त्या बाईंकडे तुम्ही म्हणता तशी प्रत्येक गोष्ट विचारणारी फायरवॉल असती, तर तिनं विचारलं असतं, ‘हिशोबाचं सॉफ्टवेअर अपडेट मागते आहे, परवानगी देऊ?’ त्यांनी काय सांगितलं असतं?

वहिनी: द्या म्हणाल्या असत्या.

भाऊजी: मग?

वहिनी: मग एवढंच सिद्ध झालं की तो एक हल्ला थांबला नसता. सगळेच हल्ले असे नसतात. आणि तुमच्या बाजूचंही मीच सांगते. तो विषाणू एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला त्यात 445 पोर्टचा मोठा हात होता. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय पसरला तोही तिथूनच. म्हणजे घरातल्या घरातही एका मशीननं दुसऱ्याला अडवलं पाहिजे.

भाऊजी: हे मात्र लाखातलं बोललात. वॉनाक्रायच्या त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. दोन महिने मिळाले, लोकांनी अपडेट केलंच नाही. म्हणून मी म्हणतो, फायरवॉलला पैसे नका घालू, मशीनला घाला. विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला. त्यावर कितीही भारी फायरवॉल बसवा, आतली छिद्रं बुजवणार कोण?

दुकानात संच विकत मिळतात, त्यांचाही विषय निघाला. वऱ्हाडातल्या कोणत्याही संगणकाच्या दुकानात क्विक हीलचं खोकं दिसतं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात उभं केलेलं ते काम, मराठी माणसानं अभिमानानं सांगावं असं. अशा संचांमध्ये अँटिव्हायरससोबत फायरवॉलही असते. भाऊजींचं म्हणणं, अँटिव्हायरस हवा म्हणून संच घेतलात तर खुशाल घ्या, पण मग कारभार एकाकडेच ठेवा. असे संच बरेचदा विंडोजची फायरवॉल बाजूला सारून स्वतः ताबा घेतात. वर्षानं मुदत संपली, नूतनीकरण राहून गेलं, तर दारावर नक्की कोण उभं आहे हे ‘विंडोज सिक्युरिटी’त जाऊन पाहावं लागतं. दोघी एकाच वेळी चालू ठेवल्या तर वेगळाच घोळ. छपाई का थांबली, हे शोधण्यात दिवस जातो.

वहिनी: संच नकोच मला. मी वाचलंय, विंडोजच्याच यंत्रणेवर बसणारे छोटे प्रोग्राम मिळतात. फुकट आहेत, मूळ फायरवॉल तीच राहते. एखादा नवीन प्रोग्राम पहिल्यांदा बाहेर जायला लागला की हे विचारतात. ते का नको?

भाऊजी: कारण झोनअलार्मच्या काळात मी हे भोगलं आहे. दोन हजार सालच्या आसपास शौकीन लोक ती टाकून घेत. पहिल्या दिवशी चाळीस प्रश्न. ‘एसव्हीसीहोस्ट नावाचा प्रोग्राम बाहेर जोडणी मागतो आहे. होय की नाही?’ आता हा विंडोजचाच प्रोग्राम, अपडेटही त्याच्यातूनच येतात. ‘नाही’ म्हटलं तर नेट बंद, ‘होय’ म्हटलं तर त्याच्या आडून दुसरं काही गेलं तरी कळायचं नाही. चौथ्या दिवशी माणूस न वाचता होय-होय करत सुटायचा. ज्याला उत्तर माहीत नाही त्याला प्रश्न विचारून सुरक्षा कशी वाढणार?

वहिनी: उत्तर माहीत नसेल तर शोधता येतं. मी दिवसभर कलमं आणि नोटिसा वाचते, भाऊजी. एका प्रोग्रामचं नाव वाचता येणार नाही मला?

भाऊजी: येईल. निवांत असाल तेव्हा येईल. महिन्याच्या 20 तारखेला संध्याकाळी, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचं राहिलं आहे, पोर्टल फिरून राहिलं आहे, मिलमधून फोन येऊन राहिले, आणि त्यात खिडकी उघडली, ‘परवानगी?’ तेव्हा?

वहिनी काही क्षण बोलल्या नाहीत. माझ्या मते भाऊजींचा सगळ्यात जड मुद्दा हाच होता. फायरवॉलची निवड करताना आपण तिचे गुण पाहतो. घाईच्या वेळी तिच्या प्रश्नाला घरातलं कोण उत्तर देणार, हे पाहत नाही. आणि घरात तो माणूस नेहमी वहिनीच असेल असंही नाही. शाळेतून आलेला मुलगाही असू शकतो.

वहिनी: बरं, मग हे सांगा. ‘बँकेतून बोलतो, केवायसी संपली’ म्हणून फोन येतात. एनीडेस्कसारखं काही टाकायला लावतात आणि समोरचा आपला पडदा पाहू लागतो. रिझर्व्ह बँकेनं 2019मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. तिथे तुमची येणाऱ्याला अडवणारी फायरवॉल काय करते?

भाऊजी: काही नाही. जोडणी आतून बाहेर जाते ना. आपणच दार उघडून दिल्यासारखं.

वहिनी: म्हणजे बाहेर जाणाऱ्याला विचारलं पाहिजे, हे माझंच खरं!

भाऊजी: विचारलं तरी फोनवरचा माणूस म्हणतो, ‘मॅडम, आता होय दाबा.’ जो ओटीपी सांगतो तो होयही दाबतो. तिथे फायरवॉल नाही, फोन ठेवून देणंच कामाचं. आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

वहिनी: दाबेलही. पण एक खिडकी मध्ये आली, तर विचार करायला दहा सेकंद तरी मिळतात. तुमच्या पद्धतीत तेही नाहीत.

त्यावर भाऊजींकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनी मान्यही केलं. मग वाद बाजूला ठेवून त्यांनी संगणक पुढे ओढला. आधी आहे ते पाहू, म्हणाले. खरं तर सुरुवात इथूनच व्हायला हवी होती.

पाहिलं तर घरगुती नेटवर्कसाठीची फायरवॉल पूर्ण बंद होती. वहिनींना आठवलं. डिजिटल सहीचा प्रोग्राम पोर्टलशी जुळत नव्हता, तेव्हा फोनवर कोणीतरी ‘फायरवॉल बंद करून पाहा’ असं सांगितलं. त्याच वेळी ब्राउझरही बदलला होता. सही झाली, फायरवॉल मात्र तशीच राहिली.

भाऊजी: वहिनी, तो सहीचा प्रोग्राम तुमच्याच मशीनवर बसतो आणि ब्राउझर त्याच्याशी तिथल्या तिथे बोलतो. असलं आतल्या आतलं बोलणं विंडोजची फायरवॉल अडवतच नाही. तिला बंद करण्याचा काही संबंध नव्हता. ब्राउझर बदलल्यानं काम झालं असेल.

फायरवॉल चालू केली, सही करून पाहिली, झाली. मग परवानग्यांची यादी उघडली. अर्ध्या ओळी ओळखीच्या निघाल्या, अर्ध्यांचा पत्ता नाही. मुलानं कुठून तरी उतरवलेल्या एका खेळाला घरगुती आणि सार्वजनिक अशा दोन्ही प्रकारच्या नेटवर्कवर आत येण्याची मुभा होती. खेळ केव्हाच काढून टाकला होता, नियम राहिला. भाऊजींनी तो पुसला आणि मुलासाठी साधं खातं करून दिलं. व्यवस्थापकाचा पासवर्ड असल्याशिवाय त्या खात्यातून आता फायरवॉलला हात लावता येत नाही. या एका कामानं जेवढं साधलं तेवढं कोणत्याही विकतच्या डब्यानं साधलं नसतं, असं मला वाटतं.

हिशोबाचा फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवरही दिसायला हवा, तिथे मात्र नीट बसावं लागलं. फोल्डर वाटायचा तर 445 पोर्ट उघडं ठेवावं लागतं. आजवर ते घरातल्या प्रत्येक यंत्रासाठी उघडं होतं: टीव्ही, पाहुण्यांचे मोबाइल, सगळ्यांसाठी. भाऊजींनी राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा ठरवून टाकला, 192.168.1.20. मग फायरवॉलच्या प्रगत खिडकीत जाऊन त्या नियमाच्या ‘स्कोप’मध्ये तेवढाच एक पत्ता लिहिला. आता त्या दरवाज्यातून फक्त लॅपटॉप येऊ शकतो.

वहिनी: राउटर आहेच ना मध्ये? मग आपल्या संगणकाला एवढं कशाला?

भाऊजी: राउटर बाहेरच्याला रोखतो. घरातलं एक यंत्र बिघडलं तर ते संगणकावर यायला राउटर आडवा येत नाही. आणि जुन्या पद्धतीत सगळं घर राउटरच्या एका पत्त्यामागे लपतं, पण नवीन आयपीव्ही 6मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. तिथे राउटरची फायरवॉल ढिली असेल, तर संगणकाची स्वतःची लागतेच. चला, राउटरही पाहू.

राउटरचं पान उघडलं. नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. 2016मध्ये मिराय नावाच्या वर्मनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते कंपनीनं घालून दिलेले साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक लावून पाहत. ऑक्टोबरमध्ये त्याच जोरावर अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास आडव्या झाल्या. भाऊजींनी पासवर्ड बदलला आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत गेले. तिथे एक नियम होता. बाहेरून येणारी जोडणी सरळ कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरपर्यंत पोचवणारा.

वहिनी: हे कोणी केलं?

भाऊजी: कॅमेरे लावणाऱ्यानं. त्यासाठीच तर त्यानं तुम्हाला स्टॅटिक आयपी घ्यायला लावला. पुण्यातून मोठा मुलगा आजीला पाहतो ना, तो याच वाटेनं. आणि याच वाटेवर जगातला कोणीही येऊन पासवर्ड लावून पाहू शकतो. रेकॉर्डर एकदा हाती लागला की त्याच्या मागे तुमचा संगणक.

वहिनी: काढून टाका. आत्ताच.

भाऊजी: काढतो. पण मुलाला आजी दिसली तर पाहिजे. कॅमेऱ्याच्या कंपनीचं अ‍ॅप असतं. त्यात रेकॉर्डर स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो आणि मुलगा तिथून पाहतो. राउटरला भोक पाडावं लागत नाही.

वहिनी: म्हणजे आजीच्या खोलीचं चित्र आधी कोणाच्या तरी सर्व्हरवर जाणार. भाऊजी, बाहेर जाणाऱ्याकडे बघायची गरज नाही असं इतका वेळ तुम्हीच म्हणत होता ना?

भाऊजी: हं. इथे मलाही ते बरं वाटत नाही.

वहिनी: दुसरा उपाय?

भाऊजी: वायरगार्ड नावाचा व्हीपीएन. दुकानात एक जुनं छोटं मशीन पडलं आहे, त्यावर लिनक्स टाकून इथे बसवतो. मुलाच्या मोबाइलमध्ये किल्ली, या मशीनमध्ये किल्ली. तो आधी इथे जोडला जाईल, मग घरात असल्यासारखा कॅमेरा पाहील.

वहिनी: म्हणजे एक पोर्ट उघडं राहणारच.

भाऊजी: राहणार. पण किल्लीशिवाय कोणी ठोठावलं तर ते उत्तरच देत नाही. तिथे काही आहे हेसुद्धा बाहेरच्याला कळत नाही.

वहिनींनी अशिलांच्या मुदती लिहायची वही ओढली आणि मागच्या पानावर रकाने आखले: कोणता दरवाजा, कोणासाठी, कोणी उघडला, कधी. पहिल्या ओळीत लॅपटॉप लिहिला. दुसरी वायरगार्डसाठी मोकळी ठेवली. यादीतले जे नियम दोघांनाही ओळखता आले नाहीत ते पुसले नाहीत, नुसते निष्क्रिय केले. महिनाभरात काही अडलं तर कळेल, नाही अडलं तर काढून टाकायचे.

भाऊजी: रविवारी ते मशीन घेऊन येतो. तोवर पुण्याला सांगा, आजीला फोनवरच पाहा म्हणावं.

वहिनी: सांगते. आणि त्याच दिवशी बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचा तो प्रोग्रामही टाकून द्या.

भाऊजी: बाप्पा, पुन्हा तेच! विचारणारा नको वहिनी. दाखवणारा टाकतो. कोणता प्रोग्राम कुठे गेला, किती माल घेऊन गेला, ते नुसतं लिहून ठेवणारा. मधे खिडकी उघडणार नाही. 22 तारखेला, काम संपल्यावर, चहा घेत वाचा.

वहिनी: चालेल. एक महिना दाखवणारा. त्यात मला न ओळखता येणारं काही सापडलं, तर पुढच्या महिन्यात विचारणारा.

भाऊजी: फक्त तुमच्या खात्यावर.

वहिनी: माझ्याच. होय की नाही, ते मीच सांगणार.